चौथ्या पायरीवरचा डबा

१२ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

ही डायरी आप्पांच्या भांड्यांच्या दुकानाची. दर वर्षी गिऱ्हाइकांना वाटायला छापतात, चार-पाच उरतात. जानेवारीपासूनची पानं कोरीच सोडून आज इथून सुरू करते.

मराठीत लिहितेय, कारण घरात ही एकच लिपी सुरक्षित आहे. आम्मा-आप्पा दिवसभर मराठी बोलतात, पण वाचतात तमिळ. आमचे पूर्वज तंजावरच्या मराठी राजांच्या वेळी इकडे आले आणि राहिले. आमच्या घरात बोलणं टिकलं, अक्षरं गेली. मी देवनागरी बंगळूरला खोलीतल्या पुण्याच्या मैत्रिणीकडून घोटून घेतली. आमचं 'जालं' आणि 'कोठें' ऐकून ती पोट धरून हसायची. म्हणायची, तुम्ही लोक बखरीतून बोलता. हसू दे बापडी.

आता नोंद. नाव हरिणी, वय तेहतीस. मी व्हिडिओ गेमचे डबे काढते. आतलं यंत्र नाही, गेमही नाही. फक्त बाहेरचं कवच. ते कसं दिसावं, हाताला कसं लागावं, गरम हवा कुठून जावी, एवढंच. पाच तारखेला आमच्या कंपनीनं आपल्या पहिल्या कन्सोलचे, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राचे, फोटो जाहीर केले. दिवस मावळेपर्यंत फोटोंखाली लोकांची चार हजार मतं जमली. दुसऱ्या दिवशी कंपनीचे राजगोपालसर म्हणाले, "थोडी विश्रांती घे." नमुन्याचा डबा माझ्या बॅगेतच होता. तो घेऊन कुंभकोणमला घरी आले.

डबा असा आहे: सायीचा पांढरा रंग, पोट गोल, वर मान निमुळती, मानेभोवती हवा जायच्या फटी. उंची सव्वीस सेंटीमीटर. टीव्हीशेजारी उभा राहतो. आडवा ठेवता येत नाही.

वाईट वाटत नाही. दात काढताना सुई मारली की गाल आपला असून आपला नसतो, तसं आहे. आम्मानं विचारलं, "जेवतीस की झोपतीस?" मी म्हटलं, काहीही.

१४ सप्टेंबर, रविवार

आज लोकांची मतं उतरवून काढली. चार हजार उतरवणं शक्य नाही, एकसष्टांवर थांबले. का उतरवली, माहीत नाही. हात चालत होता.

"हा गेमचा डबा की कुकर? किती शिट्ट्यांनी खेळ सुरू होतो?"

"राउटर गरोदर आहे."

"आजोबांच्या अस्थी ठेवायला बरा पडेल."

"ज्यानं कुणी हे काढलं त्याला दहावीत भूमिती नव्हती."

आणि एकसष्टांपैकी एकोणीस मतं एकच: टीव्हीखालच्या कप्प्यात आडवा बसत नाही, म्हणजे कचरा.

कुकरवाला विनोद चांगला आहे. हसले नाही, पण चांगला आहे हे कळलं. भूमितीवाल्याला 'ती' सुचली नाही, 'तो'च सुचला, तेही कळलं. आम्मा-आप्पांना मी सांगून टाकलं की लोकांनी नावं ठेवली. आप्पा म्हणाले, "किती लोक?" मी म्हटलं, चार हजार. ते म्हणाले, "आपल्या दुकानात वर्षात तितके येत नाहीत गे," आणि पुन्हा पेपरात शिरले. त्यांना कशाचंच काही वाटत नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मतं मलाही आहेत. कुणी विचारली नाहीत म्हणून इथं लिहिते.

त्या मोठ्या कंपनीचा उभा पांढरा डबा, दोन्ही बाजूंनी कॉलर वर केलेला: नवरदेव वरातीला निघालाय आणि घोडा आलेला नाही. दुसऱ्या मोठ्या कंपनीची काळी चौकोनी पेटी: फ्रीज. पण प्रामाणिक फ्रीज, हवा वरून सरळ सोडते, उगीच नखरे नाहीत. तिला मी नावं ठेवणार नाही. जुन्या काळातला तो लाकडी पट्टी लावलेला: दिवाणखान्यातल्या कपाटात खपून जावा म्हणून लाकूड. त्यात थोडी लाज होती, आपण खेळणं आहोत याची.

माझा आवडता जांभळा. लहानसा चौकोन, मागं धरायला कडी. ज्यानं तो काढला त्याला ठाऊक होतं की एखादं पोर हा उचलून शेजारच्या घरी नेणार आहे. बाकी सगळे डबे टीव्हीसाठी काढलेत, तो एक हातासाठी काढलाय.

एवढं लिहून झाल्यावर वाटलं की आता भूक लागेल. नाही लागली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

राजगोपालसरांचं पत्र. चांगलं लिहिलंय, माणूस वाईट नाही. नवं कवच हवं: काळं, चौकोनी, कप्प्यात मावेल असं. ते मीच काढायचं आणि माझ्याच नावानं जाहीर करायचं. म्हणजे लोकांना वाटेल, कंपनीनं ऐकलं, काढणारीही शहाणी झाली. हो असेल तर काम चालू. नाही असेल तर मार्ग वेगळे. उत्तर एक ऑक्टोबर, संध्याकाळी सहापर्यंत. नमुन्याचा डबाही त्याच सुमाराला परत पाठवायचा, तो एकच आहे.

आम्माला वाचून दाखवलं. तिनं तांदूळ निवडता निवडता एवढंच विचारलं, "आणि हा आपल्याकडं राहायचा नाही?" मी म्हटलं, कंपनीचा आहे. तिनं सूप झटकलं.

हो म्हणायला काय हरकत आहे ते शोधत बसले. सापडली नाही. नाही म्हणायला काय कारण आहे तेही सापडलं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

अमावास्या. उद्यापासून नवरात्र, म्हणून आज कोलू मांडला. इकडं घरोघर पायऱ्या लावतात, त्यांवर बाहुल्या बसवतात. मग संध्याकाळी बायका एकमेकींच्या घरी बघायला जातात, गाणं म्हणतात, सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, खातात. आमच्या सात पायऱ्या. आप्पांनी फळ्या जोडल्या, आम्मानं आप्पांची पांढरी वेष्टी, म्हणजे धोतर, अंथरली, मी पत्र्याच्या पेटीतून बाहुल्या काढून देत गेले.

प्रत्येक बाहुलीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली असते. कुणी आणली, कोठून, कोणत्या साली. 'सीतालक्ष्मीनं आणली, काशी, १९७१.' ती आप्पांची आत्या. 'अंबुजानं आणली, पन्रुट्टी, १९९०.' ही आम्मा, लग्नाच्या वर्षी. चिठ्ठ्या मी लहानपणापासून वाचतेय. आज नुसत्या सोडवून बशीत ठेवल्या.

दर वर्षी एक तरी नवी बाहुली यावी लागते. मी म्हटलं, उद्या बाजारातून आणते. आम्मा म्हणाली, "यंदाची आली की." आणि माझ्या खोलीतून डबा आणून चौथ्या पायरीवर, चेट्टियार वाण्याच्या दुकानाशेजारी बसवला. वाणी, वाणीण, पुढं डाळींचे ढीग, आणि शेजारी हा. वाण्याच्या दुप्पट उंच.

"आम्मा, तो पहिल्या तारखेला पाठवायचाय."

"पाठव की. पहिल्या तारखेला अजून दहा दिवस आहेत."

एकदा कोलूत बसलेली बाहुली दर वर्षी बसवावी लागते, हा नियम तिनंच मला शिकवलाय. वयानं विसरली असेल. मी आठवण करून दिली नाही, वाद घालायला त्राण नव्हतं.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज अकरा बायका. माझा विचार होता खोलीत बसायचा. आम्मानं सुंडलाच्या द्रोणांवर बसवलं.

शेजारच्या नागलक्ष्मी मामी शाळेतून गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या. त्या चौथ्या पायरीपाशी थांबल्या. तमिळमध्ये विचारलं, "याच्यात पाणी किती मावतं?" आम्मा म्हणाली, पाणी नाही मामी, आमच्या हरिणीनं केलेला गेमचा डबा आहे. मामींनी चष्मा वर केला, परवानगी न विचारता उचलला आणि मानेभोवती तळहात फिरवला. "ऊन हवा इथून जाते होय? चारी बाजूंनी? मग समोर बसलेल्याच्या तोंडावर येत नाही. बरं केलंस."

त्या फटींसाठी मी तीन महिने घालवले होते. चार हजारांत हे एकानंही म्हटलं नव्हतं. नोंद केली: मत क्रमांक बासष्ट.

मग आमच्यातल्याच वरलक्ष्मी मावशी, आम्माची धाकटी बहीण. तिचं तोंड म्हणजे विळी. "अगं बाई, याला कान नाहीत? धरायचं कोठें? इतकी शिकलीस नि कान विसरलीस!" सगळ्या हसल्या. मागचं पान उलटून पाहिलं. सोळा तारखेला त्या कडीचं कौतुक मीच केलंय, आणि स्वतःच्या डब्याला कडी नाही. मत त्रेसष्ट. बरोबर आहे. एकसष्टांत हे एकही नव्हतं.

ती जाताना माझी हनुवटी धरून म्हणाली, "पोट मात्र गोजिरं आहे हो." माझं की डब्याचं, विचारलं नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आप्पांबरोबर दुकानात गेले. घरात बायका येणार होत्या.

दुपारी एक गृहस्थ पितळेची घागर परत द्यायला आले. मुलीला दिलेली, तिच्याकडं आधीच एक आहे म्हणे. आप्पांनी घागर उलटी केली, सुलटी केली, गळ्यापाशी बोट लावलं. तिथं कुंकवाचं बोट होतं. म्हणाले, "कुंकू लागलं. आता हे तुमच्या घरचं जालं, दुकानाचं नाही." त्या गृहस्थांनी वाद घातला नाही. इथं कुणीच घालत नाही, हा नियम गावाला माहीत आहे. घागर घेऊन गेले.

मग आप्पांनी वरच्या फळीवरून एक जुना कूजा काढला. प्रवासात पाणी न्यायचं पितळी भांडं, गोल पोट, निमुळती मान, फिरकीचं झाकण. लहानपणी आगगाडीत तो माझ्या मांडीत असायचा. आप्पांनी तो फडक्यानं पुसून माझ्यासमोर ठेवला. खिशात माप होतं म्हणून मोजला. पंचवीस सेंटीमीटर. माझ्या डब्यापेक्षा एकानं कमी. योगायोग. माझा आकार हवेच्या गणितातून आलाय, त्याचे कागद आहेत.

आप्पांच्या फोनमध्ये डब्याचे चौदा फोटो निघाले. चारी बाजूंचे, वरून, खालून. बोट चुकून दाबलं जात असणार. एका गिऱ्हाइकाला तेच दाखवत होते. त्यांना वेळ जात नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

सकाळी राजगोपालसरांना 'हो' लिहिलं. पाठवलं नाही. पुसलं. दुपारी 'नाही' लिहिलं. तेही पुसलं. दोन्ही शब्द सारखेच दिसत होते. माझ्याच जागी दुसरं कुणी बसलेलं असतं तर मी त्या बाईला बरंच बोलले असते.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज सरस्वतीपूजा, आयुधपूजा. ज्याचं जे हत्यार असेल ते पूजेत ठेवायचं. मग उद्या विजयादशमीला सकाळी उचलेपर्यंत त्याला शिवायचं नाही. आम्मानं शिवणयंत्र ठेवलं, आप्पांनी दुकानाचा तराजू.

"तुझी आयुधं कोठें?"

मी लॅपटॉप ठेवला, मोजमापाचा चिमटा ठेवला, वर फोनही ठेवला. उत्तराची मुदत आज सहापर्यंत, आणि पूजेतलं उद्यापर्यंत शिवायचं नाही. दोन्ही मला ठाऊक होतं. ठेवताना हात हलका झाला, एवढं लिहून ठेवते.

पूजेच्या वेळी मी स्वयंपाकघरात नैवेद्य वाढत होते. बाहेर आले तर आम्मानं डबाही चौथ्या पायरीवरून उतरवून पूजेत घेतला होता आणि त्याला गंध-कुंकू लावलं होतं. लावलं म्हणजे, थापलं होतं. ओल्या कुंकवाचा अख्खा अंगठा, पोटाच्या मधोमध, आणि ओघळ खाली तळापर्यंत.

त्या कवचाचा पृष्ठभाग खडूसारखा कोरडा आहे. बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून तसा करून घेतला, त्यासाठी सहा महिने सगळ्यांशी भांडले. पण तो रंग पितो. मी ओलं फडकं घेऊन धावले. पुसलं तसं ते पसरलं. आत मुरलं होतं.

मी ओरडले. आम्मावर, सणाच्या दिवशी, देवापुढं. "काय केलंस हे! पस्तीस वर्षं त्या शिवणयंत्राला टिकली लावतेस, एक थेंब इकडचा तिकडं होत नाही, आणि आज माझ्याच डब्यावर? दिसत नाही तुला? माझा आहे तो! हा रंग मी एकटीनं, एकटीनं..." फडकं जमिनीवर आपटलं. चार हजार लोकांना एक शब्द बोलले नव्हते.

आम्मा रागावली नाही. म्हणाली, "होय. तुझाच आहे." आणि कापूर लावायला वळली.

सहा कधी वाजले कळलं नाही. अजून राग आहे. पण जेवण दोनदा वाढून घेतलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

विजयादशमी. आज आयुध उचलून त्यानं पहिलं काम करायचं. लिहिणाऱ्यानं चार ओळी तरी लिहायच्या. आम्मा लॅपटॉप हातात देऊन शेजारीच उभी राहिली, लहानपणी पाटीपाशी उभी राहायची तशी. "पहिलं लिहितीस ते चांगलं लिही."

उघडला. काल सात वाजताचं पत्र: 'उत्तर नाही म्हणजे होकार समजतो. घाई असल्यानं चित्र दुसऱ्याकडून करून घेतलंय. तुझं नाव घातलंय, बघून घे.'

बघितलं. काळा, चौकोनी, कप्प्यात मावतो. वाईट नाही. पाहून मान फिरवली की आठवत नाही, इतका बरा. उजव्या कोपऱ्यात लहान अक्षरांत: कवच, ल. हरिणी.

आपलं नाव आपण न केलेल्या वस्तूवर पाहिलं की कसं वाटतं ते आज कळलं. दुसऱ्याची चप्पल घालून देवळातून बाहेर पडल्यासारखं. पायाला बरोबर लागते ती.

लिहिलं: 'सर, माझं नाव काढा. हा मी केलेला नाही आणि असा मी करणार नाही. गोल डबा मी केला, त्याला कान नाहीत ही चूक माझी, आडवा होत नाही ही चूक नाही. काल उत्तर दिलं नाही, तो भित्रेपणा होता. नमुन्याला पूजेचं कुंकू लागलंय, निघत नाही.'

पाठवलं. मग भीती वाटली. नीट, थंडगार भीती. नोकरी गेली की काय करणार? तेहतिसाव्या वर्षी आप्पांच्या गल्ल्यावर बसणार? किती दिवसांनी काहीतरी वाटत होतं, म्हणून तिला हाकललं नाही.

संध्याकाळी आरतीनंतर एक बाहुली आडवी निजवतात, म्हणजे कोलू संपला. दर वर्षी आम्मा लाकडी राजा-राणीला निजवते. यंदा म्हणाली, "तुझ्या डब्याला निजव." वरलक्ष्मी मावशी होतीच. "त्याला कुठं निजता येतं!" खरंच. आडवा केला, घरंगळला आणि पुन्हा उभा. दुसऱ्यांदाही तसंच. वजन मी तळाशी घातलंय. मावशी हसून हसून भिंतीला टेकली, आणि मलाही हसू आलं. एकोणीस जणांचं खरं ठरलं.

आप्पा आत जाऊन जुन्या फडक्याची चुंबळ वळून घेऊन आले, घागरीखाली ठेवतात तशी. ती पायरीवर ठेवली, डबा तिच्यावर निजवला. हलला नाही. म्हणाले, "गोल भांड्याला चुंबळ लागतेच. त्यात भांड्याचा काय दोष?"

४ ऑक्टोबर, शनिवार

काल शुक्रवार; शुक्रवारी कोलू उचलत नाहीत, लक्ष्मी जाते म्हणे. म्हणून आज आवरला.

सरांचं उत्तर काल आलं. नाव काढलं. माझं कामही संपलं, महिनाअखेरपर्यंत कागद होतील. शेवटी लिहिलंय: 'डाग पडलेला नमुना आम्हाला दाखवण्याच्या कामाचा नाही. तूच ठेव.'

आम्मा-आप्पांना सांगितलं. मला वाटलं होतं घरात सुतक पडेल. आप्पांनी आम्माकडं बघितलं, आम्मानं वेष्टीची घडी घातली. आप्पा म्हणाले, "बरं जालं." नोकरी गेली त्यात बरं काय? पण ते घागर उलटीसुलटी करतात तसं आम्माकडं बघत होते, म्हणून विचारलं नाही. आम्मा एवढी धांदरट कधीच नव्हती. एक मात्र खरं, तिच्या त्या अंगठ्यामुळं डबा राहिला. तिला सांगितलं तसं. म्हणाली, "मला काय माहीत गे," आणि बशीतल्या चिठ्ठ्या निवडू लागली.

मग बाहुल्या एकेक जुन्या वेष्टीत गुंडाळल्या, मध्ये कडुलिंबाचा पाला. काशीची, पन्रुट्टीची, वाणी, वाणीण. शेवटी डबा उरला. आम्मानं आप्पांच्या जुन्या बिलाचा कोपरा फाडला, पाठीवर तमिळमध्ये लिहिलं आणि मला दिला. सत्तावन्न बाहुल्यांच्या चिठ्ठ्यांवर 'आणली' आहे. हिच्यावर होतं:

'हरिणीनं केला. कुंभकोणम, २०२५.'

मी म्हटलं, आम्मा, बंगळूरला केला. ती म्हणाली, "चिठ्ठी माझी आहे. मी लिहीन ते."

तेव्हा रडू आलं. पेटीच्या कडेला बसून लहान पोरीसारखी रडले, नाक वाहीपर्यंत. आप्पा उगीचच पाला वेचत राहिले. आम्मानं मध्ये पदर दिला, गप्प हो म्हणाली नाही. मग दोरा डब्याच्या मानेभोवती घेतला, चिठ्ठी ओवली आणि म्हणाली, "रडतीस तर रड, पण गाठीवर बोट धर."

मी बोट धरलं. तिनं दोरा आवळला तो चांगलाच लागला.